तीन नंबर लाईनीची एकादशी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही यावं, जागा आहे. एक गोष्ट सांगतो, आणि आधीच कबूल करतो की तिच्यात राक्षस नाही, राजा नाही, घनदाट रान नाही. एक कारखाना आहे, एक फार शहाणं यंत्र आहे आणि एक भला माणूस आहे, ज्याची रोजीरोटी शनिवारी दुपारी तीन वाजता जायची होती. गेली की राहिली, हे कळायला शेवटपर्यंत बसावं लागेल. पण चेहरे पाडून ऐकू नका हो. गोष्टीत वडे आहेत.

काळ आपल्या थोडा पुढचा. आज बालवाडीत रडणारी पोरं नोकरीला लागतील, इतकाच. जतच्या माळावर, जिथे ऊन पोत्याने मोजावं, तिथे 'किरणपट' नावाचा कारखाना उभा होता. तिथे सूर्यपट बनायचा. चटईसारखा गुंडाळावा, छपरावर पसरावा आणि घरात दिवा लावावा, असा तो पट. पातळ प्लॅस्टिकवर एक खास शाई पसरायची, केसाच्या जाडीचे दोनशे पापुद्रे काढले तर त्यातल्या एका पापुद्र्याइतकी. तेवढ्याशा थरात सूर्यनारायण येऊन कामाला लागायचा.

आणि कारखान्यात 'साक्षी' होती. साक्षी म्हणजे बाई नव्हे. चाळीस हजार संवेदकांचे डोळे असलेला यंत्रमेंदू. कुठे किती गरम, किती दाब, कुठल्या यंत्रापाशी कोण उभं, सगळं तिच्या नजरेत. काही बिघडलं की ती कारण सांगायची, टक्केवारीसकट. देशभरच्या कारखान्यांत तीच. आणि नियम असा झाला होता की यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे एक हातपरवाना हवा. साक्षीने पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे बोट दाखवलं, की तो परवाना गोठायचा. एका कारखान्यात गोठला की काश्मीर ते कन्याकुमारी गोठला. मग त्या माणसाने यंत्राकडे लांबून बघावं फक्त.

साक्षीने बोट दाखवलं होतं दस्तगीर शिकलगार यांच्याकडे.

हे कोडं सोडवायला सोमवारी सकाळी वैजयंती कोष्टी आली. वय बेचाळीस, पायात चपला, खांद्याला झोळी. कारखान्यांचे न सुटणारे दोष शोधणं हा तिचा धंदा. चोर पकडणारे पोलीस असतात, तशी ही बिघाड पकडणारी.

व्यवस्थापक बिराजदार साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "आठ महिन्यांत सोळा वेळा, मॅडम. तीन नंबरच्या लाईनीवर, दुसऱ्या पाळीत, पाचच्या सुमाराला पटावर खळगे पडतात. देवीच्या व्रणांसारखे. तासाभरात आपोआप थांबतात. आणि सोळाही वेळा लाईनीवर माणूस एकच. दस्तगीर. त्याची ड्यूटी एरवी एक नंबरवर, पहिल्या पाळीत. ज्या दिवशी तो पाळी बदलून तीन नंबरवर येतो, त्याच दिवशी खळगे. साक्षी म्हणते सत्त्याण्णव टक्के."

"उरलेले तीन टक्के कुठे गेले?"

"ते तुमच्यासाठी ठेवलेत," बिराजदार म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग हसू आवरून म्हणाले, "शनिवारी तीनला परवाना मंडळाची सुनावणी आहे. माणूस सोन्यासारखा आहे हो. पण मी साक्षीपुढे काय बोलू?"

"आधी चहा बोला," वैजयंती म्हणाली.

दस्तगीरभाई तिला एक नंबर लाईनीवर भेटले. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, बोटं मात्र सतार वाजवणाऱ्यासारखी हलकी. आजोबा गावोगाव सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. नातवाला चकाकीची पारख रक्तातूनच आलेली. शाई पसरताना तिच्या झळाळीवरून तो सांगायचा की थर जाड झाला की पातळ. आणि तो बोलला की मागाहून संवेदक बोलायचे.

"खळगे कसे पडतात, तुम्ही बघितलंत?" तिने विचारलं.

"बघतो ना, मॅडम. शाई आधी बुजते. नवी सून पाहुण्यांपुढे अंग चोरून घेते ना, तशी एका ठिपक्यापासून मागं सरते. मग तिथं खळगा."

वैजयंतीने ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं. चाळीस हजार संवेदकांनी तिला एवढं सांगितलं नव्हतं.

"आणि तुम्ही पाळी का बदलून घेता?"

"घरगुती काम असतं."

"कुणाच्या घरचं?"

दस्तगीरभाई नुसते हसले. "घर म्हटलं की झालं, मॅडम. कुणाचं काय विचारायचं." आणि मान खाली घालून रोलर पुसू लागले. या माणसाला काहीतरी झाकायचं आहे, हे तिला कळलं. पण पाप झाकणारे असं हसत नाहीत, हेही कळलं.

आता शाई अंग का चोरते, ते ऐका. घरी करून बघण्यासारखं आहे. ताटात पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा, आणि साबणाचं बोट मधोमध टेकवा. हळद काठाला पळते, जणू कुणी हाकललं. पाण्याच्या अंगावर एक ताण असतो, ताणून बसवलेल्या चामड्यासारखा. साबण लागला तिथे तो ढिला पडतो आणि भोवतालचा घट्ट ताण पाण्याला आपल्याकडे ओढून नेतो. शाईचंही तेच. कशाचा तरी एवढासा अंश, डोळ्याला न दिसणारा, तिच्यावर उतरत होता आणि शाई मागे सरत होती. धूळ असती तर गाळण्यांनी अडवली असती, साक्षीने मोजली असती. म्हणजे धूळ नव्हे, वाफ. वाफ गाळणीतून निसटते, आणि साक्षीला डोळे चाळीस हजार असले तरी नाक एकही नव्हतं.

पण कसली वाफ? आणि त्याच सोळा दिवशी का?

दिवेलागणीला वैजयंती पाहुण्यांच्या खोलीत तारखा मांडून बसली. दोन खळग्यांमधलं अंतर: पंधरा दिवस, चौदा, पंधरा, पंधरा, पंधरा, चौदा. वार वेगवेगळे, तारखा वेगवेगळ्या. आठवड्याशी जमेना, महिन्याशी जमेना, पगाराच्या दिवसाशी जमेना. साक्षीनेही हेच करून बघितलं होतं आणि हात टेकून माणसाकडे बोट दाखवलं होतं.

वैजयंतीने सहज म्हणून फोन हातात घेतला. वडिलांना फोन करायचा राहिला होता. त्यांचे न घेतलेले कॉल ओळीने दिसले. तिने एक तारीख वाचली. दुसरी वाचली. मग वहीतली यादी फोनशेजारी धरली.

सोळाच्या सोळा.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, इचलकरंजीचे कीर्तनकार. दर एकादशीला कीर्तनाला उभं राहण्याआधी लेकीला फोन करायचे: आज कुठलं आख्यान लावलंय ते सांगायला. लहानपणी हीच पुढे बसून ते पहिल्यांदा ऐकायची, म्हणून सवय. आणि ती दर वेळी कुठल्या ना कुठल्या बैठकीत असायची.

तिने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आज सोमवार, ना सण ना वार, आणि लेकीचा फोन? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"अण्णा, पुढची एकादशी कधी?"

"शुक्रवारी. अगं, तू झोपेत तिथी सांगायचीस. मला विचारतेस?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. कारण एक गोष्ट बिराजदारांना ठाऊक नव्हती. बारा वर्षांपूर्वी साक्षीला शिकवणाऱ्या मंडळींत वैजयंतीही होती. साक्षीला दिवस कसे ओळखायचे ते हिनेच शिकवलं: तारीख, वार, महिना, सरकारी सुट्ट्या. "आणखी काही?" असं तेव्हा प्रमुखांनी विचारलं होतं. तिच्या ओठांवर 'तिथी' आलं होतं. पण टेबलाभोवती सगळे परदेशात शिकलेले. हसतील, म्हणून कीर्तनकाराची लेक गप्प बसली. ती गप्प बसली, आणि बारा वर्षांनी जतच्या माळावर एका माणसाची भाकरी त्या गप्प बसण्यावर तोलली गेली.

मंगळवारी सकाळी बिराजदार म्हणाले, "चंद्र? अहो मॅडम, भरती-ओहोटी म्हणाल तर जतला समुद्र कुठला?"

"चंद्राने काही केलेलं नाही, साहेब. चंद्र बघून वागणाऱ्या माणसांनी केलंय. एकादशीला कारखान्यात वेगळं काय होतं, तेवढं शोधायचं."

पहिलं वेगळं लगेच सापडलं. तीन नंबर लाईनीच्या दुसऱ्या पाळीचा खरा माणूस महादबा साळुंखे, गावच्या मारुतीच्या देवळात पहिल्या फळीचा टाळकरी. एकादशीला संध्याकाळी कीर्तन. "दस्तगीर माझ्या जागी उभा राहतो, मॅडम," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली. अर्जावर 'घरगुती काम' लिहितो, भजनाला कोण सोडतंय? पण का विचारता?"

महादबाला काहीच माहीत नव्हतं. परवान्याची नोटीस गुप्त असते आणि दस्तगीरभाईंनी ब्र काढला नव्हता. वैजयंतीने सांगितलं तसा तो तडक एक नंबर लाईनीकडे निघाला, ही मागे.

"दस्त्या!" साऱ्या शेडने माना वळवल्या. "माझ्या टाळापायी तुझी भाकरी चालली, आणि तू मुका?"

"वरडू नकोस, शाई हलते," दस्तगीरभाई म्हणाले.

"सांगायचं होतंस की!"

"सांगून काय? तुझ्या अर्जावर खोटं लिहिलंय म्हणून तुला धरलं असतं. मग दोघंबी घरी. त्यापरीस एक जण बरा." मग जरा हसून, "आणि तुझा आवाज बसला असता. गावाला काय ऐकवायचं, माझा?"

महादबाने गड्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग तोच हात तिथे ठेवून नुसता उभा राहिला.

झाकलेलं उघडं झालं, पण वाफ अजून हाती लागली नव्हती. माणूस एकादशीला बदलतो, हे कळलं; हवा का बदलते? वैजयंती कारखान्याभोवती फेरी मारत मागच्या बाजूला आली. तिथे एक लिंब, लिंबाखाली स्वच्छ सारवलेला ओटा, ओट्यावर विजेची शेगडी. आणि डोक्यावर हातभर उंचीला भिंतीत एक लोखंडी जाळी. तीन नंबरच्या शाईखोलीत बाहेरची हवा ओढून घेणारी.

"ती माझी उपासाची चूल हाय," मागून आवाज आला. कँटीनच्या तानूआक्का माळी, कमरेवर हात. "चपला काढा आधी."

वैजयंतीने चपला काढल्या. "आक्का, इथे काय करता?"

"एकादशीला साबुदाण्याचं वडं. दुसऱ्या पाळीत चाळीस माणसं धरत्यात. आधी आतच तळायची. पण आठ महिनं झालं, कँटीनात अंडी शिजाया लागली. खाणाऱ्यांनी खावी, माझं काय म्हणणं न्हाई. पण उपासाचं त्याच्या शेजारी? म्हणून हितं लिंबाखाली मांडली. वारं बी येतं झुळूझुळू."

"किती वाजता?"

"साडेचारला तळाया बसते. पाचला गरम गरम."

"चतुर्थीला? सोमवारी, गुरुवारी?"

"चतुर्थीवालं घरी चंद्र बघून सोडत्यात. सोमवार-गुरुवारवाल्यांचा डबा असतो. तळण फक्त एकादशीला. का हो? वडं पायजेत का?"

"तेल कुठलं?"

आक्कांनी फळीवरचा डबा दाखवला. कांद्या-लसणाच्या कढईतलं तेल उपासाला चालत नाही, म्हणून हा सीलबंद डबा वेगळा. "लई गुणाचं. साबुदाण्याचा वडा तेलात फेस काढतो, उतू जातं. ह्या तेलाला फेसच न्हाई येत."

वैजयंतीने डबा उन्हात फिरवून बारीक अक्षरं वाचली: फेसरोधक, नऊशे क्रमांकाचं. आणि तिने आक्कांचा हातच धरला. फेसरोधक म्हणजे सिलिकोनचं तेल, कणभर. खायला निर्धोक, फेसाच्या बुडबुड्यांचा ताण ढिला करून ते त्यांना फोडतं. पण कढई तापली की त्याचा हलका अंश वाफ होऊन वर जातो. वर जाळी. जाळीमागे शाई. तानूआक्का ज्याने फेस मोडत होत्या, तेच शाईला मागे सरकवत होतं. शुद्धतेपायी वेगळी मांडलेली चूल, शुद्धतेपायी वेगळं घेतलेलं तेल. आणि पुण्यकर्माच्या वाटेने खळगे!

आक्कांना कळलं तेव्हा त्या मटकन ओट्यावर बसल्या. "म्हंजे माझ्यामुळं? त्या दस्तगीराला मी दर बारीला चार वडं बांधून देते हो!"

"तुमच्यामुळे नाही, आक्का. आणि अजून सिद्धही झालेलं नाही. उद्या तुम्हालाच ते सिद्ध करायचंय. बुधवारी वडे तळायचे."

"बुधवारी? ना एकादस, ना काय? लोक काय म्हंतील!"

लोक म्हणाले, वाढा. बुधवारी दुपारपासून कारखान्यात लग्नघराचा उत्साह. लाईनीवर महादबा, म्हणजे दस्तगीरभाईंचा हात पटाला लागायलाच नको. ते कँटीनमध्ये, बिराजदार साहेबांच्या नजरेखाली. साहेबांनी अगदी काटेकोर नजर ठेवली. ठेवता ठेवता त्यांचे सहा वडे झाले.

आधी अर्धा तास शेगडी बंद. पट निघाला आरशासारखा. मग आक्कांनी जतच्या घाण्याचं शेंगतेल घातलं. फेस कढईच्या काठापर्यंत आला, आक्का करवादल्या, "बघा, बघा, उतू चाललं!" पण पट आरशासारखाच. मग कढई बदलली, डब्यातलं तेल पडलं. दहा मिनिटं काही नाही. पंधरा. विसाव्या मिनिटाला आतून महादबाची आरोळी आली, जशी देवळातसुद्धा कधी आली नसेल:

"पडलं! खळगं पडलं!"

आणि अहो, लाखमोलाचा पट खराब झाला म्हणून आख्ख्या कारखान्याने टाळ्या पिटल्या. असं कुठे बघितलंय?

शुक्रवारी एकादशी. लाईनीवर दस्तगीरभाई, चूल दुसऱ्या टोकाला विहिरीपाशी, तेल डब्यातलंच. पाच वाजले, सहा वाजले, पाळी संपली. एक खळगा नाही. मंडळी, विज्ञान म्हणजे तरी वेगळं काय असतं? एक गोष्ट बदलायची, बाकीच्या धरून ठेवायच्या, आणि जे दिसेल ते मान्य करायचं, आवडो न आवडो.

शनिवारी तीन वाजता पडद्यावर परवाना मंडळाचे तिघे आले. वैजयंतीने पट दाखवले, तेल दाखवलं, जाळी दाखवली. अध्यक्षबाई चष्मा सरसावून म्हणाल्या, "हे पटलं. पण साक्षीला का नाही सापडलं? ती तर सगळं बघते."

इथे वैजयंतीला गप्प बसता आलं असतं. काम झालं होतं. तिने पाण्याचा घोट घेतला.

"कारण मी तिला तिथी दिली नाही. दिवस ओळखायला तिला मीच शिकवलं होतं. तिला सरकारी सुट्टी ठाऊक आहे. पण एकादशी नाही, रमजान नाही, उरूस नाही, गावचा बाजार नाही. आपली माणसं ज्या दिवसांनी जगतात, ते दिवसच तिच्याकडे नाहीत. मग त्या दिवशी जे घडतं, त्याचं खापर ती समोर दिसेल त्या माणसावर फोडते. मला तेव्हा सांगायची लाज वाटली. चूक माझी आहे, लिहून घ्या."

मग तिने तिथल्या तिथे साक्षीला वर्षाचं पंचांग दिलं, हिजरी महिने दिले, जत्रा-उरूस दिले, आक्कांच्या चुलीची नोंद दिली, आणि पुन्हा विचारलं. उत्तर यायला चार श्वासही लागले नाहीत. कारण: एकादशीचं तळण. दस्तगीर शिकलगार: निर्दोष. उपस्थितीचं स्पष्टीकरण: योगायोग.

"शेवटचा शब्द चुकलाय," वैजयंती म्हणाली, आणि तिने तो स्वतःच्या हाताने खोडून तिथे लिहिलं: मित्रासाठी पाळी.

अध्यक्षबाईंनी ते वाचलं. "अशा कारणाचा रकाना नाहीये आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत करून घेते." आणि शेजारच्यांकडे वळून, "देशभरात असे किती परवाने गोठलेत आजवर?"

"अकराशे चाळीस."

"सगळे पुन्हा उघडा. हे सगळे दिवस घालून तपासा. कोष्टीबाई, हे काम तुमच्याच गळ्यात. शिक्षा समजा हवी तर."

"शिक्षा कसली," वैजयंती म्हणाली, "प्रसाद आहे हा."

त्या अकराशेंपैकी कितीजण पुढच्या वर्षभरात आपल्या यंत्रापाशी परतले, ती प्रत्येकाची स्वतंत्र गोष्ट होईल. जतची मात्र एवढी राहिली. त्या संध्याकाळी महादबाने जाहीर केलं की आता दर एकादशीला आपणच लाईनीवर उभं राहणार, मित्राला त्रास नको. दस्तगीरभाई म्हणाले, उभा राहून तर बघ, हात धरून बाहेर काढतो. दोघांचं चांगलंच जुंपलं. तानूआक्का मध्ये पडल्या, बिराजदार मध्ये पडले. शेवटी साहेबांनी कागद मागवला आणि पाळ्यांच्या तक्त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: एकादशी, दुसरी पाळी, लाईन तीन, दस्तगीर शिकलगार. कारण, मित्राचं कीर्तन. खाली सही, शिक्का. आणि ईदच्या दिवशी लाईन एकवर कोण, तेही लगेच महादबाने आपल्या हाताने लिहून टाकलं.

पुढच्या एकादशीला मारुतीच्या देवळात इचलकरंजीचे अण्णा कीर्तनाला उभे राहिले. पुढे, अगदी पायाशी, त्यांची लेक बसली होती. महादबाने टाळ धरला, आवाज असा चढवला की समईची ज्योत हलली म्हणतात. कोसभर पलीकडे, दिव्यांच्या उजेडात, एक माणूस शाईच्या झळाळीवर नजर ठेवून उभा होता. त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पट मात्र आरशासारखा निघत होता.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. देवळात टाळाचा गजर टिपेला पोचेल, तुम्ही डोळे मिटून डोलत असाल, तेव्हा क्षणभर आठवण ठेवा त्या दस्तगीर शिकलगारची. आपल्यातलं कुणीतरी गातं, तेव्हा कुणीतरी त्याच्या जागी कामाला उभं असतं. देव त्या दोघांचं ऐकतो.